सोमवारी बरी चालणारी गाडी

आमच्या सोसायटीत मला सगळे ‘लोणच्याच्या आजी’ म्हणतात. मी तीसेक वर्षं वसईजवळच्या सातिवलीत ट्रकचे डिझेल पंप उघडत होते असं सांगितलं, की लिफ्टमधली माणसं आधी माझ्या हातांकडे बघतात आणि मग माझ्या सुनेकडे. आजींना हल्ली भास वगैरे होतात का, अशा नजरेनं. एका बाईंनी तर विचारलं, “म्हणजे तुमचा पेट्रोल पंप होता का हो?” मी म्हटलं, “दोन होते. एक सुनेच्या नावावर केलाय.” तेव्हापासून त्या बाई माझ्या सुनेशी फार गोड बोलतात.

तर आधी हे सांगून टाकते. रस्त्यावर जिथे डिझेल भरतात तो पंप वेगळा. ट्रकच्या इंजिनाला चिकटून त्याचा स्वतःचा एक छोटा पंप असतो. आता सगळं कॉम्प्युटरवर चालतं, पण माझ्या काळातला पंप म्हणजे बालवाडीत खाऊ वाटणारी बाई. समोर सहा पोरं, म्हणजे इंजिनाचे सहा सिलेंडर. प्रत्येकाला सारखा घास, आणि तोही ठरल्या क्षणी. एकाला जास्त गेला की ते पोर धूर ओकणार, कमी गेला की रडणार. तो घास सारखा करून द्यायचा, हा माझा धंदा.

पंप इंजिनावरून सोडवून आमच्याकडे यायचा. तो टेबलावर, आमच्या भाषेत बेंचवर, बसवायचा, मोटर लावून फिरवायचा, आणि समोरच्या सहा काचेच्या नळ्यांत डिझेल पडताना बघत बसायचं. सहाही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे. नाही आली तर बारीक स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा बघायचं. जमलं की तारेत शिसं ओवून सील मारायचं. खोलीत धुळीचा कण चालायचा नाही. चपला बाहेर, ड्रायव्हर बाहेर, मेकॅनिक बाहेर, ट्रक तर रस्त्यापलीकडे. आत मी, पंप आणि सहा नळ्या.

ही खोली दामूकाकांची. मी तिथे बिलं लिहायला लागले होते. माझ्या गावाहून, निर्मळहून, सायकलनं यायचं, तेलकट खुर्चीवर पेपर टाकून बसायचं. एकदा काकांच्या हातातून एक स्प्रिंग उडाली. ती मी टेबलाखालून शोधून दिली आणि म्हटलं, “काका, तिसऱ्या नळीत कमी पडतंय.” काकांनी चष्मा लावून पाहिलं. खरंच कमी पडत होतं, पण इतकं कमी की त्यांना चष्म्यातूनही नीट दिसेना. त्या दिवसापासून बिलं लिहायला दुसरा माणूस आला.

ही गोष्ट घडली तेव्हा मी सव्वीस वर्षांची. त्या शालूचा, म्हणजे माझाच, एक फोटो माझ्याकडे आहे. कानावर पेन, नाकावर चष्मा, आणि चेहरा असा की जणू डिझेलचा शोध हिनेच लावलाय. बेंचवर बसल्यापासून दोन वर्षांत तिची ख्याती पार विरार फाट्यापर्यंत गेली होती. काका एक वाक्य नेहमी म्हणायचे, “शालू, नळी खोटं बोलत नाही.” शालूनं त्याला स्वतःचं शेपूट जोडलं होतं: नळी खोटं बोलत नाही, म्हणजे ड्रायव्हर बोलतो.

आता ॲव्हरेज. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, ते ॲव्हरेज. ट्रकमालक एकमेकांना भेटले की ‘कसं काय’च्या आधी ‘ॲव्हरेज काय देते’ असं विचारतात. ते पडायला पन्नास कारणं. टायरात हवा कमी, ब्रेक चिकटलेला, क्लच घसरतोय, नॉझल फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळतंय, फिल्टर तुंबलाय, किंवा ड्रायव्हरचा पाय जड आहे. आणि सगळ्यात शेवटचं कारण, ड्रायव्हर वाटेत कुठल्यातरी ढाब्यामागे टाकीत नळी घालून डिझेल विकतो. मालक मंडळी हे शेवटचं कारण सगळ्यात आधी धरतात. मग पंप काढून आमच्याकडे पाठवतात, आणि आम्ही चिठ्ठी देतो.

चिठ्ठीवर आम्ही ‘पंप ओके’ एवढंच लिहायचो. पण सातिवलीत त्या दोन शब्दांचा अर्थ ठरलेला होता. पंप ओके, म्हणजे डिझेल इंजिनात गेलेलं नाही. म्हणजे ड्रायव्हर चोर. काका ती चिठ्ठी देताना नेहमी घुटमळायचे, “बघू अजून एकदा” म्हणायचे. शालू घुटमळायची नाही. ती खाली सही करायची आणि सहीखाली रेघ ओढायची. रेघ कशाला ओढायची, ते तिलाच माहीत.

मनोहरशेठ म्हणून एक मालक होते. त्यांच्या चार गाड्या होत्या. त्यातली एक चालवायचा पास्कू. हा निर्मळजवळच्या गासचा, ख्रिस्ती. वडिलांची भाताची आणि भाजीची शेती, पण याला लहानपणापासून गाडीचं वेड. पस्तिशीचा असेल, शांत, बोटं कायम स्वच्छ. ड्रायव्हरची बोटं स्वच्छ म्हणजे मला तेव्हा तेही संशयास्पद वाटायचं.

त्या वर्षी आषाढात सातिवलीत तीन दिवस पाणी तुंबलं. गोदामांत गुडघाभर, रस्त्यावर त्याहून वर. पाण्यातून गाड्या दामटल्या आणि दोन ट्रकच्या इंजिनांनी हवेबरोबर पाणी गिळलं. आत पाणी गेलं की इंजिन जागच्या जागी मोडतं. सगळे ड्रायव्हर घाबरले. आमच्या दाराशी येऊन उभे, आणि शालू बया पायरीवर उभी राहून व्याख्यान देतेय. ट्रकच्या केबिनमागे एक उभा पाइप असतो, त्यातून इंजिन श्वास घेतं. पाइपच्या तोंडावर छत्रीसारखी टोपी असते. शालू म्हणाली, “समोरच्या गाडीचं पाणी उडून त्या टोपीखाली शिरतं. तिथे कापड बांधा.”

“कापड कसलं बाई?” पास्कूनं विचारलं.

माझी एक जुनी जांभळी सुती साडी तिथे हात पुसायला ठेवलेली होती. शालूनं तिचा पदराकडचा तुकडा टर्रकन फाडला, चार घड्या केल्या, आणि पुढचं ऐका, पदर खोचून स्वतः त्याच्या केबिनमागे चढली. टोपी काढली, पाइपच्या तोंडावर कापड ताणलं, निर्मळला फुलांच्या जुडीला मारतात तशी गाठ मारली, वर टोपी बसवली. खाली सात-आठ ड्रायव्हर बघताहेत. “असं,” शालू म्हणाली. एखादा पूल बांधून उद्घाटन केल्यासारखं.

पाणी ओसरलं. बाकीच्यांनी आपापल्या चिंध्या काढून टाकल्या असणार. मी विसरून गेले.

गणपतीच्या सुमारास पास्कूची गाडी आली. ॲव्हरेज साडेचार होतं, ते साडेतीनवर आलं होतं. धूर काळा. चढाला दम नाही. मनोहरशेठ चिडलेले. पंप काढला, बेंचवर घेतला. नळ्या सारख्या. मेकॅनिकनं बाहेर एअर फिल्टर उघडून पाहिला. त्या काळी फिल्टरच्या तळाला तेलाचं भांडं असायचं, धूळ त्यात बसायची. तो आत येऊन म्हणाला, “शालूताई, तेल एकदम स्वच्छ. घरच्या तेलासारखं.”

“मग हवेची बाजू बघायलाच नको,” शालू म्हणाली.

पावसाळ्यात खड्ड्यांतून दोन महिने फिरलेल्या ट्रकचं तेल घरच्यासारखं स्वच्छ कसं, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आज मला तो झोपेतसुद्धा पडतो.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जातंय, असं पुस्तकात होतं. शालूनं सगळ्यांचे घास थोडे कमी केले आणि सील मारलं. इंजिनाला श्वास मिळत नव्हता, आता त्याचं जेवणही कमी झालं.

दसऱ्याआधी गाडी पुन्हा आली. ॲव्हरेज सव्वातीन. पास्कू दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. आत यायचं नाही हे त्याला माहीत होतं.

“बाई, एक सांगू?”

“सांग.”

“गाडी सोमवारी बरी चालते. मंगळवारीपन चालते. मग बसत जाते. शनिवारी तर चढाला उतरून ढकलावं वाटतं. परत सोमवारी बरी.”

शालू हसली. आतला मेकॅनिकही हसला. “गाडीला वार कळतात होय रे?” शालू म्हणाली. “रविवारी चर्चला मिस्सेला जाऊन येते वाटतं तुझी गाडी!”

पास्कूही हसला. कसनुसा. “नाय, म्हंजे मला वाटलं सांगावं.”

त्यानं मला रोगाचं नाव सोडून सगळं सांगितलं होतं. वार सांगितला, चढ सांगितला, उतार सांगितला. माझ्या तीस वर्षांत कुठल्याही मेकॅनिकनं याहून नेमकं लक्षण आणून दिलेलं नाही. आणि मी त्यावर विनोद केला. विनोद चांगला झाला असं वाटून दोन दिवस तो घरीदारी सांगितला.

काका त्या आठवड्यात आजारी होते. पंप पुन्हा बेंचवर घेतला, नळ्या पुन्हा सारख्या. शालूनं चिठ्ठी लिहिली. पंप ओके. सही. रेघ.

मनोहरशेठनी ती चिठ्ठी सातिवलीच्या नाक्यावर, चहाच्या टपरीसमोर, पास्कूच्या हातात दिली आणि गाडीची चावी काढून घेतली. मी तिथे नव्हते. मला टपरीवाल्यानं सांगितलं. पास्कूनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली म्हणे. तो बोलला नाही, म्हणून सगळ्यांची खात्रीच पटली. माझीसुद्धा.

त्यानंतर सातिवलीत कुठल्याही मालकानं त्याला गाडी दिली नाही.

गाडीवर मनोहरशेठनी स्वतःच्या जावयाला बसवलं. घरचा माणूस, म्हणजे डिझेलची काळजी मिटली. हे जावई कॉमर्सचे पदवीधर. हौसेनं हेवी लायसन्स काढलेलं. सांगायची गोष्ट ही, की नाताळ आठ-दहा दिवसांवर आला असताना एका सकाळी मनोहरशेठ आमच्या दाराशी आले. चपला घालूनच आत शिरायला निघाले, इतके भांबावलेले. मागे जावई.

“शालूबाई, ॲव्हरेज तीन.”

“तीन?”

“आता मला सांगा, माझा जावई डिझेल विकतो का?”

जावई लाल झाले. “पप्पा, मी सांगतोय ना तुम्हाला, मी ढाब्यावर थांबतसुद्धा नाही. मॅडम, माझा डबा असतो. तुमच्या मुलीनंच दिलेला असतो!” शेवटचं वाक्य सासऱ्यांना होतं.

मी उभी होते ती खाली बसले. चोर गेला होता आणि चोरी वाढली होती. सहा नळ्या माझ्यासमोर सारख्या, चकचकीत उभ्या होत्या, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की या मला काहीच सांगत नाहीत.

दामूकाका बरे होऊन परत आले होते. ते कोपऱ्यातून म्हणाले, “शालू, चपला घाल.”

“कुठे जायचंय?”

“गाडीत बस. आजवर किती पंप केलेस, एकदा तरी ट्रकमध्ये बसलीस?”

खरं सांगते, नव्हते बसले. ट्रकचं पोट मला पाठ होतं, ट्रक माहीत नव्हता.

सातिवलीतून हायवेला लागून खाडीचा पूल ओलांडला, की घोडबंदरच्या रस्त्याला गायमुखचा चढ लागतो. भरलेली गाडी घेऊन आम्ही तिथे गेलो. जावई स्टिअरिंगवर, मी खिडकीशी. चढ सुरू झाला आणि इंजिन बसलं. तिसरा गियर, दुसरा गियर. आरशात काळा धूर. मागच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून आमच्या खानदानाचा उद्धार करतोय. आणि या सगळ्या गोंधळात मला माझ्या पाठीमागून, केबिनच्या पत्र्यापलीकडून एक आवाज आला. गोधडीत तोंड घालून झोपलेला माणूस श्वास ओढतो, तसा. जावई ॲक्सिलरेटर दाबतील तसा तो श्वास लांब होत होता.

“हा आवाज कसला?”

“हा? हा पहिल्यापासून आहे,” जावई म्हणाले. “मला वाटलं, मोठी गाडी आहे, असेल.”

चढ संपल्यावर गाडी बाजूला घेतली. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि मी केबिनमागे चढले. पाइपच्या टोपीखाली हात धरला, तर वारा जवळजवळ नाहीच. एवढं मोठं इंजिन, आणि त्याचा श्वास माझ्या नातीच्या फुंकरीएवढा. टोपी काढली.

आत एक काळी, तेलकट, चामड्यासारखी झालेली चकती पाइपच्या तोंडावर ताणून बसलेली. मी नखानं खरवडलं. खालून जांभळा रंग आला.

तिथे, गायमुखच्या माथ्यावर, डाव्या हातानं ट्रकला धरून लोंबकळत असताना माझं काय झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. जावई खालून काहीतरी विचारत होते. मी त्या जांभळ्या रंगाकडे बघत होते. तो रंग मी निवडला होता, पैसे साठवून घेतलेली पहिली साडी होती ती.

मग मी गाठ सोडायला गेले आणि दुसरा धक्का बसला. साडी माझी होती, गाठ माझी नव्हती. माझी गाठ फुलांच्या जुडीची. ही दुहेरी, आवळून, वर टोक आत खोचलेली गाठ होती. कुणीतरी माझं कापड सोडून पुन्हा बांधलं होतं. आणि कापडाच्या फाटक्या कडेला चारी बाजूंनी बारीक हातशिलाई मारलेली होती, दोरे सुटू नयेत म्हणून. मी तर ते टर्रकन फाडलं होतं.

कापड काढल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला. गाडी वळवून तोच चढ पुन्हा चढलो. गाडी चौथ्यावर गेली. जावई ओरडले, “मॅडम, ही तर पळतेय!” मी मांडीवर ती काळी चिंधी घेऊन बसले होते. मला वाटत होतं, ही पळू नये. पळाली नसती तर बरं झालं असतं.

सातिवलीला परत आल्यावर कमी केलेले घास पुन्हा पूर्ववत केले. मग मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘हवेच्या मार्गात अडथळा आढळला. तो दूर केला.’ काकांकडे दिला.

काकांनी वाचून विचारलं, “अडथळा कसला?”

“कापड होतं.”

“ते चालत गेलं वर?”

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं, की कापड माझं होतं, मी बांधलं होतं, काढायला सांगायची विसरले होते, आणि पास्कूनं डिझेलचा एक थेंब चोरलेला नाही. सही केली. रेघ ओढायला हात आपोआप गेला, तो मागे घेतला.

“मनोहरशेठकडे देते,” मी म्हटलं.

“मनोहरशेठना कळलंय. गासला जा.”

दुसऱ्या दिवशी सायकल काढली. निर्मळहून गास काही लांब नाही, पण त्या दिवशी मी दोनदा उतरून सायकलची चेन तपासली. चेन ठीक होती. गासला पास्कूची आळी सापडली. घराघरांवर नाताळच्या चांदण्या लागलेल्या. कुणी येशूजन्माचा गोठा लिंपतंय, कुणी दारं रंगवतंय. पास्कूच्या घराला चांदणी नव्हती.

ओटीवर एक म्हातारा वालाच्या शेंगा निवडत बसला होता. हे इनासबाबा, पास्कूचे वडील. मी नाव सांगितलं. सातिवलीची पंपवाली बाई, म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. पण त्यांनी मान वर केली नाही.

माझा बेत असा होता की चिठ्ठी द्यायची, दोन शब्द हळूच बोलायचे आणि निघायचं. मी चिठ्ठी पुढे केली.

“मला वाचता येत नाय,” बाबा म्हणाले. “वाच.”

मी हळू आवाजात वाचली. बाबांनी कानामागे हात धरला. “काय? मोठ्यानं बोल पोरी. ऐकू नाय येत मला.”

मी पुन्हा वाचली, जरा मोठ्यानं. शेजारच्या अंगणात दार रंगवणारी बाई ब्रश हातात धरून बघायला लागली.

“कापड? कुनाचं कापड?”

“माझं, बाबा!”

“कुनी बांधलं?”

“मी बांधलं!”

“नीट सांग गो. पयल्यापासून सांग. कान गेले माझे.”

मग मी तिसऱ्यांदा, घसा ताणून, ‘कापड माझं होतं’पासून सगळं ओरडले. पास्कू चोर नाही हे ओरडले, चूक माझी हे ओरडले. तोवर आळीतली अर्धी माणसं कुंपणाशी गोळा झाली होती. दोन बायका विहिरीवरून कळशा घेऊन आलेल्या, त्या कळशा कडेवरच. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, “कोन गो ही?” “तीच. चिठ्ठीवाली.” माझी सव्वीस वर्षांची शान त्या अंगणात शेंगांच्या सालांबरोबर पडली होती.

बाबा उठले. वाडीच्या बाजूला तोंड करून त्यांनी हाक मारली, “पास्कू! हात धू. ताट घे.”

मला काही कळेना. मागे दारात एक बाई उभी होती, पास्कूची बायको. तिनं तोंडात पदर कोंबला होता. तिनं सांगितलं. दसऱ्याला ती चिठ्ठी घरी आली, तेव्हा बाबा पास्कूला म्हणाले होते, माझ्या पानाशी बसून चोराच्या हातानं क्रुसाची खूण करायची नाही. तेव्हापासून पास्कू मागच्या दारी एकटा बसून जेवत होता. बाबांशी बोलला नाही, बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. नाताळला सुद्धा असंच होणार, हे घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं.

पास्कू वाडीतून आला. भाजीला पाणी घालत होता, पाय चिखलानं भरलेले. त्यानं सगळं ऐकलं होतं. न ऐकून काय करेल, मी पार चर्चला ऐकू जाईल अशी ओरडले होते. तो विहिरीवर गेला आणि हात धुवायला लागला. बराच वेळ धुतले त्यानं हात. ती बोटं मुळात स्वच्छ होती.

आत बापलेक जेवायला बसले. मला ओटीवर पेज दिली. मी नको म्हटलं नाही.

निघताना पास्कू मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, “ती गाठ तुझी होती?”

“हो.”

“आणि शिलाई?”

“बायकोची. दोरा सुटून आत गेला तर इंजिन खराब होईल, म्हनून. दर रविवारी मिस्सा झाली की मी ते काढायचो, ती धुवायची. सोड्यानं, घासून. वाळलं की रात्री परत बांधायचो.” मग म्हणाला, “तुम्ही बांधलेलं होतं ना बाई. काढा असं काय तुम्ही म्हनाला नाय.”

मी सायकल धरून उभी राहिले. रविवारी धुतलेलं कापड. सोमवारी मोकळा श्वास. शनिवारपर्यंत धूळ, काजळी, तेल, सगळं कापडावरच अडायचं, म्हणून फिल्टरचं तेल घरच्यासारखं स्वच्छ. मग परत रविवार. जावयाला कापड आहे हेच माहीत नव्हतं, ते धुतलंच गेलं नाही, म्हणून ॲव्हरेज तीन. म्हणजे ज्याला मी चोर ठरवलं, तो माझ्याच चिंधीखाली कोंडलेला गाडीचा श्वास दर आठवड्याला धुऊन मोकळा करत होता. आणि त्यानं ते मला येऊन सांगितलंही होतं. चपला काढून, दाराबाहेर उभं राहून.

“पास्कू, तू मला शिव्या का नाही दिल्यास रे?”

“दिल्या की,” तो म्हणाला. “रोज द्यायचो. भाजीला पानी घालताना. भाजी यंदा चांगली आली.”

मला हसू आलं आणि मग रडू आलं, दोन्ही एकदम. ते झाकायला काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “बाबांना दाखव कुणाला तरी. वसईत कानाचे डॉक्टर बसतात. फारच कमी ऐकू येतं त्यांना.”

पास्कूनं विचारलं, “कुनाला? आमच्या बाबांना?”

“तीनदा ओरडावं लागलं मला.”

“बाई, वाडीच्या टोकाला सुपारी पडली तरी त्यांना आमच्या आधी ऐकू येते.”

मी वळून पाहिलं. इनासबाबा जेवून पुन्हा ओटीवर येऊन शेंगा निवडत बसले होते. आळीतली माणसं अजून कुंपणाशी बोलत उभी होती. पोरानं सगळ्यांदेखत चोर म्हणवून घेतलं होतं, म्हाताऱ्यानं ते सगळ्यांदेखत धुऊन घेतलं होतं. तीन पाण्यांनी.

नाताळनंतर पास्कू मनोहरशेठच्या गाडीवर परत आला. जावई सुटल्यासारखे हसले आणि बँकेत लागले. मी पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षं पंप केले, पण चिठ्ठी देण्याआधी चपला घालून बाहेर जायचे, गाडीत बसायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, कुठल्या वारी कशी चालते. नवे लोक हसायचे. हसू दे. दसऱ्यापासून नाताळपर्यंत एक माणूस मागच्या दारी जेवला, ती जेवणं मी कुठल्या बेंचवर घेऊन सारखी करणार होते?

ती जांभळी चिंधी अजून माझ्याकडे आहे. मी ती धुतली नाही.

इनासबाबांकडून मात्र मी एक गोष्ट शिकून घेतली. परवा सुनेनं माझ्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला आणि पुष्कळ वेळ मी नाही, मी नाही म्हटलं. शेवटी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, “आई, चुकलं माझं.”

मी हॉलमध्ये होते. शेजारच्या दोन बायका बसल्या होत्या. मी कानामागे हात धरला.

“काय म्हणालीस गं? जरा मोठ्यानं बोल.”